वक्ते: आलेशू रिबेल

वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं मीच लिहिलं होतं:
‘एका छोट्या जपानी शहराची ओळख’, सायंकाळी साडेपाच.
कुंभारजुव्यात त्या दिवशी वीज नव्हती.
नऊ माणसं आली.
दोघं पेपर वाचत बसले होते, ते उठले नाहीत,
म्हणून अकरा.

आलेशू कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला.
तेवीस वर्षं जहाजाच्या पोटात यंत्रांना तेल पाजलेला तारवटी,
आणि पहिल्याच वाक्याला अडला.
शहराचं नाव आठवेना.
“शेवटी ‘की’ येतं,” म्हणाला, “नाहीतर ‘मी’.
जाऊ दे, पुढे जाऊ.”

जहाज सुक्या गोदीत चढवलेलं, अकरा आठवडे.
शहर केवढं? आपल्या तिंट्यापासून बांदापर्यंतचं गाव
त्यात तीनदा बसेल, दाटीवाटीनं.
संध्याकाळी पाच वाजता खांबावरचा भोंगा सूर लावतो,
शब्द नाहीत, नुसते सूर,
की पोरं खेळ टाकून घरी.
“आणि नाही गेली तर?” पेपरामागून कुणीतरी.
“जातात,” आलेशू म्हणाला.

छत्र्या दुकानाबाहेर ठेवतात, कुणी नेत नाही.
पुलाजवळ दगडाचा एक बुटका देव आहे,
म्हाताऱ्या बायका थंडीच्या आत त्याला लाल टोपरं शिवतात,
माप न घेता.
आणि रस्त्याच्या कडेला टेबल, टेबलावर काकड्या, मुळे, एक डबा.
विकणारं माणूसच नाही.
नाणं टाकायचं, भाजी घ्यायची, चालू लागायचं.

हे त्यानं इथं करून पाहिलं होतं.
ऐन श्रावणात, क्रुसाच्या पायरीवर तवशी मांडली,
बिस्किटांच्या डब्याला वरून चीर पाडली.
दुपारपर्यंत तवशी संपली.
डब्यात निघाले बारा रुपये, शर्टाचं एक बटण,
सांत आंतोनचं चित्र,
आणि चिठ्ठी: ‘फाल्यां दितां’.
सगळे हसले.
फाल्यां म्हणजे उद्या,
आणि आमच्याकडे उद्या कधी चतुर्थी झाल्यावर येतो,
कधी शिगम्याला.
चिठ्ठीवर सही नव्हती,
पण अक्षर फळ्यावरच्या अक्षरासारखंच होतं.
आलेशूनं फळ्याकडे पाहिलं नाही. भला माणूस.

उजेड खिडकीपुरता उरला.
“एक राहिलं,” म्हणाला, आणि हातातला कागद खिशात घातला.
उन्हाळा सरता सरता तिथं नदीत दिवे सोडतात,
चौकोनी, कागदाचे,
आपलं जे गेलं त्याचं नाव वर लिहून.
खानावळवालीनं ब्रश पुढे केला.
मायची बातमी जूनमध्येच आली होती. रजा नव्हती.
“मी रोमी लिपीत लिहिलं, पिएदाद.
बाईनं विचारलं, कसं म्हणायचं?
तीनदा म्हणाली, तिन्ही वेळा चुकली.
सगळ्यांचे दिवे समुद्राकडे गेले,
माझा गोदीच्या दाराशी अडकला, आमच्याच जहाजासमोर.
बांबूनं ढकलला. परत आला.
ढकलला.”

तो गप्प झाला.
आम्हाला वाटलं, शहराचं नाव आठवतोय.
आभार मानायचे राहूनच गेले.

सातव्या दिवशी सांगोड निघाले,
दोन-दोन होड्या एकत्र बांधलेल्या, वर गणपती, वर सोंगं,
काठावर ढोल, घुमट, भज्यांचा धूर.
गाठी आलेशूच्याच, जहाजावर शिकलेल्या, त्या सुटत नाहीत.
अंधार पडता पडता शेवटचा सांगोड कांदळात रुतला.
कुणी हाक मारायच्या आत
तो बांबू घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरला होता.
रेटा दिला. होडी हलली, परत मुळांत आली.
पुन्हा रेटा.

मी काठावर, मुठीत वीस रुपये,
दोन तवशांचे, आणि उशिराचे.
तेवढ्यात ढोल थांबला,
आणि पाण्यातून त्याचा आवाज आला, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा:
“बाई! शेवटी ‘री’ येतं हो! ‘री’!”